आधी गाणे लिहून द्या

(मंडळाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत झालेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही काही वक्ते नव्हे. बी.कॉम. झालो, बँकेत चिकटलो आणि गेली वीस-बावीस वर्षे काउंटरच्या आतल्या बाजूला बसून लोकांच्या सह्या पडताळतो आहोत. या व्यासपीठावर दरवर्षी उभे राहतो ते खजिनदार म्हणून, जमाखर्च वाचायला. तो सुरू झाला की अर्धी सभा चहाला उठते, हा आमचा अनुभव आहे. यंदा जमाखर्च छापूनच दिला आहे, तेव्हा उठायचे कारण नाही.

अध्यक्षांनी आम्हाला विषय दिला तो असा : 'हैदराबाद मुक्तिसंग्राम आणि सीमाभागातील मराठी माणूस'. विषय आम्ही बदललेला नाही. फक्त वाटेत थोडे मुंबईला, थोडे रशियाला आणि प्राग नावाच्या एका शहराला जाऊन येणार आहोत. एवढ्या लांब कशाला, असे कुणी विचारील. त्याचे कारण आमच्या खिशातल्या एका चिठ्ठीत आहे. आधी तिच्याबद्दल सांगतो.

गेल्या गणेशोत्सवात आपल्याच घरांतली चार मुले आणि एक मुलगी कार्यकारिणीकडे आली. म्हणाली, आम्हाला पाचव्या दिवशी अर्धा तास द्या, आम्ही स्वतः केलेली गाणी म्हणणार. दोन गिटार, एक इलेक्ट्रिक कीबोर्ड, ड्रम आणि हलगी. हलगी ऐकून आम्हाला जरा धीर आला. बाकीच्या सामानाला ती मुले रॉक म्हणतात, आमच्या आईच्या भाषेत त्याला 'धिंगाणा' म्हणतात. कार्यकारिणी बसली आणि ठरले की गाण्याचे शब्द आधी लिहून द्यावेत, मग बघू. मुलांनी दोन फुलस्केप कागदांवर लिहून दिले. एका गाण्याचे धृपद कानडीत होते, कडवी मराठीत, मध्ये दखनीचे दोन-चार शब्द. कानडी धृपदावर एका ज्येष्ठांचा आक्षेप आला. दुसऱ्या आणि तिसऱ्या कडव्यावर बऱ्याच जणांचा आला. त्या कडव्यांत काय होते? थोडक्यात असे की आमचे वडीलधारे सभेत मराठीसाठी डोळ्यांना रुमाल लावतात आणि सकाळी नातवाला इंग्रजी शाळेच्या पिवळ्या बसमध्ये बसवून येतात.

चिठ्ठी निघाली. 'दुसरे व तिसरे कडवे आणि कानडी धृपद वगळून सादर करण्यास हरकत नाही.' खाली तीन सह्या. अध्यक्ष, सचिव, खजिनदार. तिसरी सही आमची.

आम्ही न वाचता सही केली असे सांगता आले असते. पण बँकेतला माणूस न वाचता सही करत नाही. आम्ही वाचले होते. आमचा मुलगा इंग्रजी माध्यमात आठवीत आहे. पिवळी बस आमच्याही दारात येते. ते कडवे कुणाबद्दल आहे हे आम्हाला चांगले कळले होते, आणि म्हणूनच पेन लवकर चालले.

मुले आली नाहीत. पाचव्या दिवशी आपण अंताक्षरी घेतली, आठवत असेल. त्याच रात्री गावाबाहेर एका शेतातल्या आखाड्यावर, जनरेटर लावून, त्यांनी ती सगळी गाणी म्हटली, कडव्यांसह आणि धृपदासह. साठ-सत्तर पोरे जमली होती म्हणे. आमच्या घरातून एक जण ऐकायला गेला होता, हे आम्हाला आठ दिवसांनी कळले.

आता निजामाकडे येतो.

आपल्यापैकी साठीच्या पुढच्या लोकांनी घरात 'इजाजत' हा शब्द ऐकला असेल. मुसलमान शेजाऱ्यांच्या बोलण्यातली गोड इजाजत वेगळी. ही कागदावरची. हैदराबाद संस्थानात १९२० च्या दशकापासून 'गश्ती निशान ५३' नावाचे परिपत्रक लागू होते. सभा भरवायची तर आधी अर्ज करा, परवानगी मिळाली तर भरवा. वर्तमानपत्र काढायचे, खासगी शाळा काढायची, तालीम काढायची, सगळ्याला वरून मंजुरी. राज्य उर्दूत चाले. ज्याला धड सही करता येत नाही अशा मराठी, कानडी, तेलुगू माणसाला अर्जनवीस गाठावा लागे. लोकांनी त्यातून वाटा काढल्या. राजकारणाची सभा बंद, तर साहित्याची परिषद भरवली. ती अडली तर कीर्तन, ते अडले तर गणपतीचा मेळा, आणि मेळाही अडला तर भजन.

आमचे आजोबा भालकी तालुक्यातल्या आमच्या गावच्या भजनी मंडळात पखवाज वाजवत. त्यांनी सांगितलेली गोष्ट आहे. एका आषाढीला पाराजवळ भजन करायचे म्हणून अर्ज दिला होता. एकादशी आली, कागद आला नाही. मग भजन घराच्या माजघरात झाले. दारे लावून, आणि पखवाजावर जुने धोतर गुंडाळून. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. आजोबा म्हणत, त्या रात्री अभंग नेहमीचेच होते, जे गेली तीनशे वर्षे सगळे म्हणतात तेच. पण धोतर गुंडाळलेल्या पखवाजावर हात पडला की आपण काहीतरी चोरी करतो आहोत असे वाटे. निजाम गेल्यावरही बरीच वर्षे पारावर वाजवताना त्यांचा पहिला हात हलकाच पडायचा. हे आम्ही स्वतः पाहिलेले नाही, आजीने सांगितले.

अभंगात राजाविरुद्ध एक अक्षर नव्हते, हे ध्यानात ठेवा. पुढे याची गरज पडणार आहे.

१९३८ साली काय झाले हे आपल्याला पाठ आहे. नोव्हेंबर महिन्यात औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजच्या वसतिगृहातल्या मुलांनी प्रार्थनेच्या वेळी 'वंदे मातरम्' म्हटले. मनाई झाली. मुलांनी ऐकले नाही. ते लोण हैदराबादला उस्मानिया विद्यापीठात गेले, आपल्या गुलबर्ग्याच्या कॉलेजातही आले. शेकडो मुलांची नावे काढून टाकण्यात आली. त्यांना नागपूर विद्यापीठाने जागा दिली. त्या मुलांत पुढे देशाचे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव होते. एक गाणे म्हटले म्हणून शेकडो मुले शिक्षणासाठी संस्थान सोडून जातात, आणि संस्थान दहा वर्षांत, सप्टेंबर १९४८ मध्ये, पाच दिवसांच्या पोलीस कारवाईत कोसळते. गाण्यामुळे ते कोसळले असे आम्ही म्हणणार नाही. तसे म्हणणे भाषणाला बरे दिसते, पण हिशेबाला ते बसत नाही. एवढे मात्र खरे की ज्या राज्याला वसतिगृहातल्या प्रार्थनेची धास्ती वाटत होती, त्याची आतली शिल्लक आधीच संपत आलेली होती.

इथपर्यंत आपण सगळे एका मताचे आहोत. टाळ्याही वाजल्या. आता जरा अवघड भाग.

निजाम परका वाटतो, म्हणून सोपा जातो. आपल्याच लोकांचे राज्य मुंबईत आले तेव्हा काय झाले? अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी १९४४ साली लाल बावटा कलापथक काढले. अमर शेख आपल्या जवळचे, बार्शीचे. पहाडी आवाज, ध्वनिक्षेपकाची गरज नाही असे जुने लोक सांगतात. अण्णा भाऊ दीड दिवस शाळेत गेलेला माणूस. ही मंडळी गिरणगावात, चाळींच्या मधल्या चौकात, संपाच्या मैदानावर गात. स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारात गृहखाते मोरारजी देसाई यांच्याकडे होते. तमाशावर बंदी आली, लाल बावटा कलापथकावर बंदी आली. तमाशाची बंदी नंतर उठली, पण वग आधी लिहून सरकारला दाखवायचा अशी अट बसली. ज्या कलेत अर्धे बोलणे मांडवात समोरचा माणूस बघून सुचते, तिला म्हणायचे की आधी लिहून आणा. सोंगाड्याला पुढच्या रांगेत कोण बसणार आहे हे आठ दिवस आधी कसे कळावे? अण्णा भाऊंनी त्यातून पळवाट काढली. तमाशाला बंदी ना, आमचे हे लोकनाट्य आहे. नाव बदलले, ढोलकी तीच राहिली. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात हीच माणसे गावोगाव गेली. 'माझी मैना गावावर राहिली' हे गाणे त्या लढ्यातले, आणि आपल्या सीमाभागाचे दुःख त्यात आहे म्हणून ते आजही आपल्या कार्यक्रमात लागते. आपण ते लावतो, आणि ते म्हणणाऱ्यांचे कलापथक एके काळी बंदी घातलेले होते हे विसरतो.

आणि महाराष्ट्राबद्दल आपल्याला ओढ आहे, ती राहणारच. १९५६ च्या १ नोव्हेंबरला आपल्या बिदर जिल्ह्याचे तीन तुकडे झाले. उदगीर, अहमदपूर, निलंगा तिकडे गेले, झहीराबाद, नारायणखेड आंध्रात गेले, आणि आपण म्हैसूर राज्यात राहिलो. ती सल आहे. पण ज्या महाराष्ट्राकडे डोळे लावून आपल्या दोन पिढ्या बसल्या, तिथे नाटकाची संहिता आधी परिनिरीक्षण मंडळाला दाखवण्याची पद्धत आजही आहे. तेंडुलकरांचे 'सखाराम बाइंडर' १९७२ साली त्यात अडकले आणि कमलाकर सारंगांना कोर्टात जावे लागले. आणि अगदी अलीकडचे सांगायचे तर पुण्याच्या कबीर कला मंचाचे शाहीर. नक्षलवाद्यांशी संबंध असल्याचा आरोप त्यांच्यावर होता. काही काळ ते भूमिगत होते, मग एप्रिल २०१३ मध्ये शीतल साठे आणि सचिन माळी स्वतः मुंबईत विधानभवनासमोर येऊन पोलिसांच्या स्वाधीन झाले. सचिन माळी आणि त्यांच्या दोन साथीदारांना जामीन मिळाला तो जानेवारी २०१७ मध्ये, सर्वोच्च न्यायालयात. आरोपांचे काय ते कोर्ट बघेल, आम्ही त्यात पडत नाही. पण मराठी शाहिराने भूमिगत व्हावे ही गोष्ट आपल्याच काळात घडली, एवढे नोंदवून पुढे जातो.

आता आमचे एक काका समोर बसलेत, लाल बावट्याचे जुने कार्यकर्ते. त्यांची माफी मागून पुढचे बोलतो.

अण्णा भाऊंनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात स्टालिनग्राडचा पोवाडा रचला. १९६१ साली ते रशियाला जाऊन आले आणि 'माझा रशियाचा प्रवास' लिहिले. चांगले पुस्तक आहे, आम्ही दोनदा वाचले. ज्याच्या कलापथकावर इथे बंदी आली त्या माणसाला तिथे मान मिळाला, याचे कुणालाही बरे वाटेल. पण ज्या रशियात अण्णा भाऊ पाहुणे म्हणून फिरत होते, त्याच रशियात त्या वर्षांत पोरे गाणी कशावर ऐकत होती ठाऊक आहे? दवाखान्यातल्या टाकाऊ एक्स-रेवर. सरकारला न आवडणारे संगीत, म्हणजे अमेरिकेचे जॅझ, रॉक अँड रोल, देश सोडून गेलेल्या रशियन गायकांची गाणी, यांच्या तबकड्या बाजारात मिळत नसत. तर लेनिनग्राडच्या काही कारागिरांनी वापरलेल्या एक्स-रेच्या फिल्म गोळा केल्या, कात्रीने गोल कापल्या, मध्ये पेटत्या सिगारेटने भोक पाडले आणि घरगुती यंत्राने त्यावर गाणे कोरले. तबकडी उजेडात धरली तर कुणाच्या तरी बरगड्या दिसत. लोक त्याला 'बरगड्यांवरचे गाणे' म्हणत. विकणाऱ्यांना तुरुंगवास झाला, सुटून आल्यावर त्यांनी पुन्हा कापायला घेतल्या.

पुढे टेपरेकॉर्डर आला. व्लादिमिर विसोत्स्की नावाचा नट आणि गायक होता. त्याची बहुतेक गाणी सरकारी कंपनीने त्याच्या हयातीत काढलीच नाहीत, आणि तरी देशभर घराघरांत त्याचा आवाज होता, कॅसेटवरून कॅसेट उतरवून. जुलै १९८० मध्ये तो वारला तेव्हा मॉस्कोत ऑलिंपिक चालू होते. पेपरात जेमतेम दोन ओळी, आणि रस्त्यावर हजारो माणसे. आमच्या पिढीने गुलबर्ग्यात कॉलेजला असताना कोऱ्या कॅसेटवर गाणी भरून घेतली आहेत, दुकानदाराला यादी द्यायची आणि दोन दिवसांनी जायचे. आम्हाला भीती एवढीच असायची की टेप अडकेल.

आता मूळ मुद्दा. १९८१ साली सरकारने शहाणपण केले. रोखून थांबत नाही तर मग नजरेखाली ठेवू, म्हणून लेनिनग्राडमध्ये रुबिनस्टाइन रस्त्यावर रॉक क्लब काढू दिला. पोरांना मंच मिळाला. अट एकच. गाण्याचे शब्द आधी लिहून द्यायचे, त्यावर शिक्का बसला की म्हणायचे.

आम्ही हे पहिल्यांदा वाचले तेव्हा पुस्तक खाली ठेवले. दोन फुलस्केप कागद डोळ्यांपुढे आले.

पण सगळ्यात मोठा धडा प्रागचा आहे. हा चेकोस्लोव्हाकिया, आता त्याचे दोन देश झाले. डिसेंबर २०११ मध्ये तिथले माजी राष्ट्राध्यक्ष वाक्लाव हावेल वारले. बँकेत त्या दिवशी सर्व्हर बंद होता म्हणून आम्ही पेपर शेवटच्या पानापर्यंत वाचला, त्यात ही हकीकत कळली. मग मिळेल ते वाचत गेलो. ऑगस्ट १९६८ मध्ये रशियाचे रणगाडे प्रागमध्ये शिरले. त्यानंतर महिन्याभरात काही पोरांनी तिथे एक रॉक बँड काढला. 'प्लॅस्टिक पीपल ऑफ द युनिव्हर्स' असे लांबलचक नाव. केस वाढवलेले, आवाज कर्कश. १९७० साली त्यांचा धंदेवाईक परवाना काढून घेतला. परवाना नाही म्हणजे सरकारी वाद्ये नाहीत, जागा नाही, मानधन नाही. पोरांनी काय केले? गावाकडच्या लग्नात गायला सुरुवात केली. लग्न हे खासगी कार्य, त्यात कोण काय गाईल त्याला परवानगी लागत नाही. आपल्या आजोबांचे भजन आठवा. ज्याला जे झाकण मिळेल ते त्याने वापरले.

आणि ही पोरे गात काय होती? सरकार उलथवा? अजिबात नाही. त्यांचे एक गाणे चक्क बद्धकोष्ठावर आहे. हसू नका, खरे आहे. रोजच्या जगण्यातले, बियरचे, कंटाळ्याचे असे काहीबाही. कम्युनिस्ट पक्षाला त्यांनी शिवीही दिली नव्हती. त्यांचा गुन्हा एवढाच की ते विचारायला गेले नाहीत. १९७६ च्या फेब्रुवारीत त्यांचा सूत्रधार इव्हान यिरोउस याच्या लग्नानिमित्त एका खेड्यात कार्यक्रम झाला, आणि मार्चमध्ये धरपकड. सप्टेंबरात चौघांवर खटला चालला. कलम दंगामस्तीचे. यिरोउसला अठरा महिने शिक्षा झाली, इतरांना आठ ते बारा महिने.

कोर्टाच्या आवारात नाटककार हावेल होता. त्याला ते संगीत फारसे कळत होते असे नाही. पण त्याच्या ध्यानात आले की राजकारण करणाऱ्यांना पकडले तर लोक म्हणतात, त्यांनी विस्तवाशी खेळ केला. इथे तर आपल्यापुरते जगू पाहणाऱ्या पोरांना पकडले होते. त्या खटल्यातून वेगवेगळ्या मतांची माणसे एकत्र आली, त्यात पक्षातून काढलेले कम्युनिस्टही होते, आणि जानेवारी १९७७ मध्ये 'चार्टर ७७' हे निवेदन निघाले. त्यापायी हावेलने पुढे कित्येक वर्षे तुरुंगात काढली. १९८९ च्या डिसेंबरात तो राष्ट्राध्यक्ष झाला. सॅक्सोफोन वाजवणारा ब्राबेनेत्स मात्र छळाला कंटाळून १९८२ साली देश सोडून कॅनडाला गेला होता. त्याचाही हिशेब मांडला पाहिजे. फक्त जिंकलेल्यांची नावे घेतली की खतावणी जुळत नाही.

काका, तुम्ही मान हलवताय, पण आपल्याला नाक वर करायला जागा नाही. ते साल १९७६ होते ना? त्याच साली आपल्याकडे आणीबाणी चालू होती. संजय गांधींच्या मंडळींच्या कार्यक्रमाला सहकार्य केले नाही म्हणून किशोरकुमारची गाणी आकाशवाणीवरून बंद झाली होती. त्याच्या गाण्यांत कुठे राजकारण होते? प्रागमध्ये लाल झेंडा होता, दिल्लीत तिरंगा, हैदराबादेत आसफिया. आणि मोरारजीभाई, ज्यांच्या खात्याने शाहिरांची तोंडे बंद केली, ते स्वतः आणीबाणीत एकोणीस महिने नजरकैदेत होते. कराडच्या साहित्य संमेलनात डिसेंबर १९७५ मध्ये दुर्गाबाई भागवत अध्यक्षपदावरून निर्भयपणे बोलल्या, म्हणून मराठीची थोडी तरी अब्रू राहिली.

आता कार्यकारिणीच्या बाजूने बोलतो, कारण आम्हीही कार्यकारिणीतच आहोत आणि ती बाजू हलकी नाही. आपण सीमाभागात राहतो. मांडवाची आणि भोंग्याची परवानगी सचिवांच्या नावावर निघते. गाण्यातल्या एका शब्दावरून उद्या गावात तणाव झाला तर पोलीस स्टेशनला सचिवांना बोलावतील, गिटारवाल्याला नव्हे. आपली पन्नास वर्षांची इथली ऊठबस, शेजार, मुलांच्या नोकऱ्या, हे सगळे पणाला लागते. कार्यकारिणीत हे बोलले गेले, आणि ते खोटे नव्हते. काही ज्येष्ठांनी १९४७-४८ चे दिवस या गावात पाहिले आहेत. गोरट्याला काय झाले ते त्यांना कुणी सांगावे लागत नाही. शब्दावरून भडका उडतो हे त्यांना पुस्तकातून कळलेले नाही.

पण मग आम्ही चिठ्ठी पुन्हा वाचली. खोडलेल्या कडव्यात कानडी माणसाविरुद्ध काही होते का? नाही. सरकारविरुद्ध? नाही. कुठल्या धर्माविरुद्ध? नाही. जे होते ते फक्त आपल्याविरुद्ध होते. आणि धृपद कानडीत होते. तणाव होईल म्हणून कानडी धृपद गाळायचे! आमच्या डोक्याने यावर बराच विचार केला, हिशेब काही लागला नाही. गावात शांतता नांदावी म्हणून नव्हे, आपल्याला अवघडू नये म्हणून ती काट मारली होती.

आणि कानडीचे काय घेऊन बसलोत? हुमनाबादजवळ माणिकनगरला आपण सगळे जातो. माणिकप्रभूंनी मराठीत पदे केली, कानडीत केली, हिंदी-उर्दूत केली. त्यांच्या दरबारात गवई येत ते कुठल्या जातीचे, कुठल्या भाषेचे हे कुणी विचारत नसे. प्रभूंना कुणी म्हणाले असते का, की कानडी वगळून सादर करण्यास हरकत नाही? आणि बसवकल्याण तर आपल्या उंबऱ्यावर आहे. बाराव्या शतकात तिथे चांभार, धोबी, नावाडी, बायका, ज्याला जे वाटले ते वचनात बोलले. कुणी आधी लिहून दाखवले नाही. मग राजाचा कोप झाला, शरण पांगले, आणि वचनांच्या पोथ्या उराशी धरून उळवीकडे गेले अशी परंपरा सांगते. शेतातल्या आखाड्यावर जनरेटर लावून गाणारी पोरे पाहून आम्हाला तेच आठवले. आता ही तुलना फारच ताणली असे कुणी म्हणेल. म्हणू द्या. पोरांचे गाणे वचनांइतके थोर आहे असा आमचा दावा नाही. मुलाच्या मोबाइलवर ऐकले ते, शेवटचे कडवे कच्चे आहे आणि ड्रम फार मोठा वाजतो.

एक गोष्ट मात्र सांगितली पाहिजे. चिठ्ठीने दोन कडवी गेली, ती पोरांनी आखाड्यावर म्हटली, म्हणजे ती गेलीच नाहीत. गेले ते दुसरेच. यंदाच्या उत्सवासाठी कार्यक्रमांचे अर्ज मागवले तेव्हा त्या पाच जणांपैकी कुणीही आले नाही. त्यांच्या बरोबरीचे आणखी कुणी आले नाही. अर्जांची फाइल आमच्याकडे असते. चौदा अर्ज आले. बारा लहान मुलांच्या नाचाचे, सिनेमातल्या गाण्यावर. एक पाककृती स्पर्धा. एक अंताक्षरी, पुन्हा. स्वतः रचलेले, मराठीत रचलेले, असे एकही नाही. आपण मराठी टिकावी म्हणून मंडळ काढले आणि या गावात मराठीत नवे गाणे करणारी जी पाच पोरे होती, त्यांना आपणच शेतात पाठवले. आजोबांचा तो हलका पडणारा पहिला हात आम्हाला यासाठी आठवला. मनाई करणारा निघून जातो, तो हात तसाच राहतो.

आमच्या मुलाने आम्हाला एकच विचारले. "बाबा, ती ओळ तुमच्यावर होती म्हणून कापली का?" आम्ही हो म्हणालो. तो गप्प राहिला. मग म्हणाला, "मग मला मराठी वाचायला तुम्हीच शिकवा." सध्या रात्री जेवणानंतर अर्धा तास बसतो. जोडाक्षरांशी झुंज चालू आहे.

तर अध्यक्षमहाराज, वेळ संपत आला. मंडळाच्या कार्यक्रम-नियमावलीत कलम ९ असे आहे : 'सादर करावयाच्या गीताची वा नाटिकेची संहिता किमान पंधरा दिवस आधी कार्यकारिणीस सादर करून मंजुरी घ्यावी.' हे कलम वगळावे असा ठराव आम्ही मांडतो. त्याजागी कार्यक्रमाची वेळ, आवाजाची मर्यादा, वाद्यांना लागणारी वीज आणि गाणाऱ्याचे नाव एवढेच अर्जात मागावे. शब्दांची जबाबदारी ज्याची त्याची, त्याच्या नावानिशी. भोंग्याच्या परवानगीत सचिवांच्या जोडीला खजिनदाराचेही नाव घालावे, म्हणजे पोलिसांनी बोलावले तर एकट्या सचिवांना जावे लागणार नाही. तशी लेखी संमती आम्ही आज देतो.

ती चिठ्ठी आम्ही आणली आहे. मुलांनी ती टेबलावरच टाकून दिली होती, आम्ही उचलून ठेवली. त्यांना ती परत हवी असेल तर द्यायला तयार आहोत, नको असेल तर आमच्याकडे राहू दे, आमची सही आहे तिच्यावर.

ठरावाचे सूचक आम्ही आहोत. अनुमोदक कोण?